अन्न अंगीं कसें लागतें?

चंद्रपूर शहरांतील एखाद्या दवाखान्यांत वजनाच्या कांट्यावर उभा राहिलेला गृहस्थ एक प्रश्न विचारतो. भामरागडच्या रानांतील अंगणवाडींत झोळीच्या कांट्यांत आपलें मूल ठेवणारी माता दुसरा प्रश्न विचारते. गृहस्थ म्हणतो, "डॉक्टरसाहेब, जेवण तर बेतानेंच आहे, मग हें वजन वाढतें कशानें?" माता म्हणते, "ताई, पोर खातें, पण त्याच्या अंगीं कांहीं लागत नाहीं." १९८२ सालच्या २६ ऑगस्टपर्यंत हे दोन्ही प्रश्न एकाच जिल्ह्यांतले होते, त्या दिवशीं जुन्या चंद्रपूर जिल्ह्यांतून गडचिरोली जिल्हा निराळा काढण्यांत आला. जिल्हे दोन झाले, तरी प्रश्नांचें मूळ मात्र पुष्कळ अंशीं एकच राहिलें. एकाला थोडें खाल्लेलें फार लागतें, दुसऱ्याला खाल्लेलें लागतच नाहीं. म्हणजे पोटांत गेलेल्या अन्नाचें पुढें काय होतें, हाच खरा प्रश्न आहे.

'अन्न अंगीं लागणें' हा शब्दप्रयोग मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. घास पोटांत गेला म्हणजे तो अंगीं लागलाच असें नाहीं, एवढें शहाणपण त्या दोन शब्दांत सांठविलेलें आहे. घास आणि अंग यांच्या मध्यें कोणी तरी तिसरा असतो. तो तिसरा कोण, हें गेल्या वीस-पंचवीस वर्षांत शास्त्रज्ञांना हळूहळू उमगूं लागलें आहे. तो तिसरा म्हणजे मनुष्याच्या मोठ्या आंतड्यांत वस्ती करून राहिलेला सूक्ष्म जंतूंचा समुदाय.

या वस्तीची संख्या ऐकली म्हणजे मन थक्क होतें. २०१६ सालीं इस्रायलमधील वाइझमान संस्थेंतील शास्त्रज्ञांनीं हिशेब करून असें दाखविलें कीं, मध्यम बांध्याच्या पुरुषाच्या देहांत सुमारें अडतीस लाख कोटी जंतु असतात, आणि त्याच्या स्वतःच्या देहपेशी सुमारें तीस लाख कोटी असतात. म्हणजे ज्याला मनुष्य 'माझें शरीर' म्हणतो, त्यांत मोजदादीनें पाहतां पाहुणेच अधिक! परंतु हे पाहुणे इतके लहान कीं, त्या सर्वांचें मिळून वजन जेमतेम पावशेर भरतें.

एटापल्लीच्या रानांत पाय ठेवणाऱ्याला साग, ऐन, मोह, तेंदू आणि बांबू हे एकमेकांच्या आधारानें उभे असलेले दिसतात. एकाचा पाला कुजतो त्यावर दुसरें वाढतें; एकाची सावली दुसऱ्याला मानवते, तर तिसऱ्याला मारते. मनुष्याच्या आंतड्यांतही असेंच एक अरण्य आहे. त्यांत शेंकडों जातींचे जंतु आहेत. कांहीं एकमेकांचें उरलेंसुरलें खाऊन राहतात, कांहीं परस्परांना थोपवून धरतात. या अरण्याची पेरणी जन्माच्या वेळींच सुरू होते. प्रसूतीच्या मार्गांत मातेकडून, तिच्या अंगाच्या स्पर्शांतून आणि पुढें तिच्या दुधांतून जंतु बाळाच्या पोटांत उतरतात. मातेच्या दुधांत कांहीं शर्करा अशा असतात कीं, त्या बाळाला मुळींच पचत नाहींत. मग निसर्गानें त्या दुधांत घातल्या कां? बाळाच्या पोटांतील बायफिडोबॅक्टीरियम नांवाच्या जंतूंचें त्या अन्न आहेत. माता एका वेळीं बाळाला पाजते आणि बाळाच्या पाहुण्यांनाही पोसते.

आतां हे पाहुणे वजनाशीं संबंध कसा ठेवतात, तें पाहूं. डाळींचीं टरफलें, कोंड्यासह दळलेलें धान्य, पालेभाज्या आणि रानांतील कंद यांत जो चोथा असतो, तो पचविण्याची शक्ति मनुष्याच्या पाचक रसांत नाहीं. तो तसाच मोठ्या आंतड्यांत जातो आणि तेथें जंतु त्याला आंबवितात. आंबल्यावर त्यापासून ॲसेटिक, प्रोपिऑनिक आणि ब्युटिरिक हीं तीन मुख्य आम्लें तयार होतात. ब्युटिरिक आम्ल आंतड्याच्या अस्तराच्या पेशींचें मुख्य खाद्य होय. शिवाय हीं आम्लें आंतड्यांतील विशिष्ट पेशींना इशारा देतात आणि त्या पेशी रक्तांत असे स्राव सोडतात कीं, ज्यांच्यामुळें पोट भरल्याची जाणीव होते व इन्सुलिन वेळेवर स्रवतें. उलट, चोथा मिळेनासा झाला म्हणजे कांहीं जंतु आंतड्याच्या अस्तरावरील बुळबुळीत थरावरच ताव मारूं लागतात. कुंपण विरळ झालें कीं गुरें शेतांत शिरतात. त्याप्रमाणें अस्तर दुबळें झालें कीं जंतूंच्या देहांचे सूक्ष्म अंश रक्तांत झिरपतात आणि शरीरांत मंद दाह सुरू होतो. उंदरांच्या बाबतींत हें स्पष्टपणें दाखविण्यांत आलें आहे. मनुष्याच्या बाबतींतही या मंद दाहाचा व मधुमेहाचा संबंध दिसतो. मात्र त्यांत जंतूंचा वांटा नक्की किती, याचा हिशेब अद्याप पुरा झालेला नाहीं.

या विषयाला खरी चालना अमेरिकेंतील सेंट लुइस शहरीं जेफ्री गॉर्डन व त्यांचे सहकारी यांच्या प्रयोगांनीं मिळाली. त्यांनीं जन्मापासून एकही जंतु अंगाला न लागूं देतां वाढविलेले उंदीर घेतले. २००४ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत अशा उंदरांच्या पोटांत सामान्य उंदराचे जंतु सोडतांच, उंदीर पूर्वीपेक्षां कमी खात असतांही त्यांच्या अंगावरील चरबी सुमारें साठ टक्क्यांनीं वाढली. २०१३ सालीं तर त्यांनीं अशीं जुळीं भावंडें शोधलीं कीं, ज्यांतील एक लठ्ठ व दुसरें सडपातळ होतें. लठ्ठ भावंडाचे जंतु ज्या उंदरांना दिले ते लठ्ठ झाले, सडपातळाचे ज्यांना दिले ते सडपातळ राहिले. पुढें दोन्ही प्रकारच्या उंदरांना एका पिंजऱ्यांत ठेवलें, तेव्हां सडपातळाचे जंतु लठ्ठाच्या पोटांत शिरून त्याची चरबी वाढूं देईनात. परंतु या कथेंतील शेवटची ओळ पुष्कळ वेळां सांगावयाची राहून जाते. हा चमत्कार चोथ्यानें युक्त व कमी चरबीच्या आहारावरच घडला. उलट प्रकारच्या आहारावर ते चांगले जंतु टिकेचनात. बीं कितीही चांगलें असलें, तरी जमिनीवांचून तें काय करणार?

येथपर्यंत झाली शहरांतील गृहस्थाच्या प्रश्नाची बाजू. रानांतील मातेच्या प्रश्नालाही याच संशोधनाचा धागा लागतो. २०१३ सालीं आफ्रिकेंतील मलावी देशांतील जुळ्या मुलांची पाहणी प्रसिद्ध झाली. एकाच झोंपडींत, एकाच भांड्यांतलें खाणाऱ्या दोन भावंडांपैकीं एक धड राहतें आणि दुसरें सुकतें किंवा सुजतें, याचें एक कारण त्यांच्या पोटांतील निरनिराळे जंतु हें असावें, असें तींत दिसून आलें. दुसऱ्या वर्षीं बांगला देशांतील डाक्का येथील मुलांच्या अभ्यासांतून असें कळलें कीं, अति कुपोषित मुलाच्या आंतड्यांतील अरण्य त्याच्या वयाच्या मानानें कच्चेंच राहतें. मूल दीड वर्षाचें, आणि पोट मात्र तान्ह्या बाळाचें! नेहमींचा पौष्टिक आहार दिल्यावर वजन थोडें चढतें, पण हा कच्चेपणा पुरा जात नाहीं.

यावर डाक्का येथील संशोधकांनीं व गॉर्डन यांनीं मिळून एक खाद्य तयार केलें. त्यांत कोणतेंही महागडें औषध नव्हतें. हरभऱ्याचें पीठ, सोयाबीनचें पीठ, भुईमुगाच्या दाण्यांचें पीठ आणि कच्चें केळें हे त्याचे मुख्य घटक होते. २०२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या चाचणींत, रूढ पौष्टिक खाद्यापेक्षां यांत उष्मांक कमी असूनही मुलांच्या वजनाची वाढ अधिक वेगानें झाली. हरभरा, भुईमूग आणि केळें यांपैकीं वऱ्हाड-नागपुराकडील बाजाराला अपरिचित असें काय आहे? ज्या पदार्थांनीं पोटांतील अरण्य वाढतें ते गरिबाच्या आवांक्यांतील आहेत, ही या शोधांतील सर्वांत आनंदाची गोष्ट होय.

तान्ह्या बाळांच्या बाबतींत तर गडचिरोली जिल्ह्यानें जगाला धडा घालून दिला आहे. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनीं १९८६ सालीं या जिल्ह्यांत 'सर्च' ही संस्था स्थापन केली. गांवांतीलच स्त्रियांना शिकवून त्यांच्या हातून घरोघरच्या नवजात बालकांची शुश्रूषा करण्याचा प्रयोग त्यांनीं एकोणचाळीस गांवांत केला. त्याचा वृत्तांत १९९९ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाला आणि नवजात बालकांचे मृत्यु बासष्ट टक्क्यांनीं घटल्याचें त्यांत दिसलें. बाळाच्या रक्तांत जंतुदोष शिरला म्हणजे गांवच्या आरोग्यदूतानें जंतुनाशक औषधाचें इंजेक्शन द्यावयाचें, हा त्या प्रयोगाचा एक महत्त्वाचा भाग होता.

पुढें २०१७ सालीं ओडिशांतील खेड्यांमध्यें साडेचार हजारांवर नवजात बालकांवर केलेली एक चाचणी प्रसिद्ध झाली. डॉ. पिनाकी पाणिग्रही यांच्या नेतृत्वाखालीं आईच्या दुधावर असलेल्या या बालकांपैकीं निम्म्यांना सात दिवस लॅक्टोबॅसिलस प्लॅन्टारम हा उपकारक जंतु, त्याच्या खाद्यासह, देण्यांत आला. रक्तांतील जंतुदोष व मृत्यु यांचें एकत्रित प्रमाण नऊ टक्क्यांवरून साडेपांच टक्क्यांच्या आंत आलें. एकीकडे जंतु मारून बाळ वांचतें, दुसरीकडे जंतु देऊन बाळ आजारी पडण्याचें टळतें. या दोन गोष्टी परस्परविरुद्ध नाहींत. वणवा लागला असतां झाडें तोडून पट्टा काढावा लागतो. वणवा लागूंच नये म्हणून रान राखावें लागतें. म्हणून, 'जंतुनाशक औषधानें पोटांतील चांगले जंतु मरतात' एवढें ऐकून आजारी बाळाचें औषध थांबविणें हा घोर अपराध होईल. त्याचप्रमाणें प्रत्येक सर्दीपडशाला दुकानांतून तींच औषधें आणून खाणें हीही आपल्या हातानें रानाला लावलेली आगच होय.

परंतु वनप्रदेशांत वजनाचा प्रश्न केवळ लहान मुलांच्या कृशतेपुरताच आहे, असें समजणें चुकीचें ठरेल. 'सर्च'च्या संशोधकांनीं गडचिरोली जिल्ह्यांतील ८६ गांवांत २०११ ते २०१३ या दोन वर्षांत झालेल्या मृत्यूंचीं कारणें शोधलीं. तो निष्कर्ष २०१५ सालीं प्रसिद्ध झाला, तेव्हां अनेकांना धक्का बसला. मृत्यूंचें पहिल्या क्रमांकाचें कारण हिंवताप नव्हतें कीं क्षय नव्हतें, लकवा होतें. दर शंभर मृत्यूंपैकीं चौदांहून अधिक मृत्यु लकव्यानें झालेले होते. ज्याला शहरांतील लोक सुखवस्तूंचा रोग समजत, तो रानांत श्रीमंतीच्या आधींच येऊन पोंचला होता. रक्तदाब, तंबाखू यांसारखीं त्याचीं कारणें प्रसिद्धच आहेत, आणि त्यांचा दोष पोटांतील जंतूंवर टाकणें बरोबर नाहीं. तथापि, दिसण्यांत कृश असलेला देहही आंतून बिघडूं शकतो, हा इशारा त्यांत आहेच.

हाच इशारा पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनानें फार पूर्वीं दिला. त्यांनीं १९९३ सालीं पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गर्भवती मातांचा अभ्यास सुरू केला. तेथील बाळें जन्मतः सरासरी २·७ किलो वजनाचीं, तर इंग्लंडांतील साऊथहॅम्प्टनचीं साडेतीन किलोंचीं. परंतु पुण्याकडील बाळांचें मांस व हाड कमी असलें, तरी त्वचेखालील चरबी त्या मानानें कमी नव्हती. २००४ सालीं याज्ञिक व त्यांचे इंग्रज स्नेही युडकिन यांनीं स्वतःचेंच उदाहरण जगापुढें ठेविलें. उंचीच्या मानानें दोघांचें वजन अगदीं सारखें होतें. पण युडकिन यांच्या देहांत चरबी ९·१ टक्के, तर याज्ञिकांच्या देहांत २१·२ टक्के निघाली. कांटा दोघांनाही एकच आंकडा सांगत होता! आईच्या पोटांतील उपासमारीचें हें देणें पुढें मधुमेहाच्या रूपानें फेडावें लागतें. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीप्रमाणें भारतांत दहा कोटींहून अधिक माणसें मधुमेहानें ग्रस्त होतीं. पोटांतील जंतु हा या गुंत्याचा एक धागा आहे. संपूर्ण गुंता नव्हे.

आतां बाजारांतील बाटलीकडे वळूं. उपकारक जंतु पोटांत घ्यावे ही कल्पना नवी नाहीं. रशियांत जन्मलेले व पॅरिसच्या पाश्चर संस्थेंत काम करणारे इल्या मेचनिकॉफ यांना १९०८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें, तें देहाच्या संरक्षक पेशींच्या शोधाबद्दल. परंतु जनतेंत त्यांचें नांव झालें तें आंबट दुधामुळें. बल्गेरियांतील शेतकरी दीर्घायुषी असतात, याचें कारण त्यांचें विरजलेलें दूध, असें त्यांचें मत होतें, आणि ते स्वतः तें नेमानें घेत. १९१६ सालीं, एकाहत्तराव्या वर्षीं, ते निवर्तले. जपानांत मिनोरु शिरोता यांनीं १९३० सालीं असाच एक जंतु वेगळा काढला, आणि १९३५ पासून त्याचें पेय बाजारांत आलें. आज अशा पेयांना व गोळ्यांना 'प्रोबायोटिक' म्हणतात. जागतिक आरोग्य संघटना व अन्न आणि शेती संघटना यांनीं २००१ सालीं त्याची व्याख्या ठरविली. जंतु जिवंत असावे, पुरेशा संख्येनें घेतलेले असावे आणि त्यांपासून आरोग्याला लाभ व्हावा, या तिन्ही अटी पुऱ्या झाल्या तरच तें नांव लावावें. आपल्या देशांतही भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व जैवतंत्रज्ञान विभाग यांनीं २०११ सालीं याविषयींचे नियम सुचविले. जंतूची जात, पोटजात व संख्या वेष्टनावर लिहिलेली असावी, असा त्यांतील आशय आहे.

मग या बाटलीनें वजन उतरतें काय? अनेक चाचण्यांचा एकत्र विचार करतां उतार सरासरीनें किलोभराहूनही कमी दिसतो. २०१९ सालीं बेल्जममध्यें अकरमान्सिया नांवाच्या जंतूची बत्तीस स्थूल माणसांवर तीन महिन्यांची चाचणी झाली. त्यांत इन्सुलिनचें कार्य सुधारलें. परंतु वजनांत निश्चित म्हणावा असा फरक पडला नाहीं. गमतीची गोष्ट अशी कीं, जिवंत जंतूंपेक्षां तापवून मारलेल्या जंतूंचाच गुण अधिक आला! उलटपक्षीं, २०१८ सालीं वाइझमान संस्थेंतील एका प्रयोगांत, जंतुनाशक औषधांनंतर घेतलेल्या प्रोबायोटिकमुळें माणसाचे मूळचे जंतु परत येण्यास उशीरच लागला. परक्या रोपांनीं जागा अडविली कीं मूळचें रान सावकाश उगवतें, तसाच हा प्रकार. अतिसारासारख्या कांहीं ठराविक विकारांत, ठराविक जंतूंचा उपयोग होऊं शकतो, पण तो वैद्याच्या सल्ल्यानें. वजनासाठीं महिन्याचा निम्मा बाजारहाट त्या बाटलीवर घालविणें शहाणपणाचें नाहीं. अतिशय आजारी किंवा मुदतीपूर्वीं जन्मलेल्या बाळाला तर असें कांहींही आपल्या मनानें देऊं नये.

घरच्या दह्याताकाचें काय, असें गृहिणी विचारतील. दह्यांतील जंतु बहुधा पोटांत कायमचे घर करीत नाहींत. ते वाटसरू आहेत. परंतु वाटसरूही गांवाला उपयोगी पडतो. २०२१ सालीं अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठांत छत्तीस निरोगी माणसांवर केलेल्या प्रयोगांत, कांहीं आठवडे आंबविलेले पदार्थ भरपूर खाणाऱ्यांच्या पोटांतील जंतूंची विविधता वाढली व रक्तांतील दाहाचीं चिन्हें उतरलीं. पूर्व विदर्भांतील आंबील रात्रीं आंबवून सकाळीं शिजवितात. त्या शिजण्यांत जंतु मरतात हें खरें. तरीही धान्याचा कोंडा व आंबण्यानें आलेलें आम्ल त्यांत राहतेंच. शेजारच्या छत्तीसगडांत रात्रीचा भात पाण्यांत ठेवून सकाळीं 'बासी' म्हणून खातात. शिजून निवलेल्या भातांतील पिठुळ अंशाचा कांहीं भाग पचनास कठीण होतो आणि तो थेट आंतड्यांतील जंतूंच्या वांट्याला जातो. कोदो-कुटकी, पावसाळ्यांतील वास्ते म्हणजे बांबूचे कोंब, रानभाज्या आणि कंद यांनीं वनवासी जनांच्या पोटांतील अरण्याला खाद्य पुरविलें. त्यांची जागा केवळ सडीक पांढऱ्या तांदळानें आणि पुड्यांतील खारट-गोड खाऊनें घेतली, तर पोट भरेल. पण अरण्य उपाशी राहील. आग्नेय आशियांतून अमेरिकेस गेलेल्या ह्‌मोंग व कॅरेन लोकांचा अभ्यास २०१८ सालीं प्रसिद्ध झाला. नव्या देशांत पाऊल टाकल्यापासून त्यांच्या पोटांतील जंतूंच्या जाति कमी होत गेल्या आणि पुढील पिढींत आणखी कमी झाल्या. गमावलेलें रान परत लावणें कठीण असतें.

यावरून कोणी असा अर्थ मात्र काढूं नये कीं, वनवासी कृश आहे तेंच बरें, त्याची पेज व रानभाजी हेंच त्याला पुरे. पेजेंत डाळ नसेल, तेल नसेल, आठवड्यांतून एखादें अंडें नसेल, तर जगांतील सर्वोत्तम जंतूही मुलाच्या हाडांवर मांस चढवूं शकणार नाहींत. जंतु अन्न अंगीं लावतात. अन्न निर्माण करीत नाहींत. त्यांचें गुणगान करून रिकाम्या ताटाचा प्रश्न झांकूं पाहणें हा त्या मातेचा उपहास होईल.

म्हणून दोन्ही प्रश्नांचें उत्तर साधेंच आहे. शहरांतील गृहस्थानें बाटली शोधण्यापूर्वीं ताटांत डाळ, उसळ, पालेभाजी, कोंड्यासह दळलेली भाकरी व वाटीभर ताक आहे कीं नाहीं तें पाहावें. साखर, तळण व बसून राहणें कमी करावें. आणि कांट्यावरील आंकड्याइतकेंच कमरेच्या घेराकडे व रक्तांतील साखरेकडे लक्ष द्यावें. रानांतील मातेला सहा महिनेपर्यंत केवळ अंगावर पाजण्याची सवड, त्यापुढें मुलाच्या पेजेंत घालावयास डाळ, दाणे व केळें, पिण्यास स्वच्छ पाणी, आणि आजारांत हांकेच्या अंतरावर शिकलेला हात मिळाला पाहिजे. गृहस्थाचें काम त्याच्या स्वतःच्या हातीं आहे. मातेचें काम तिच्या एकटीच्या हातीं नाहीं. तें शेजाऱ्यापाजाऱ्यांचें, ग्रामसभेचें आणि सरकारचेंही आहे. तें झालें म्हणजे पुढच्या महिन्यांत झोळीचा कांटा थोडा खालीं उतरेल, आणि त्या मातेला ताईकडून ऐकावयास मिळेल कीं, पोराच्या अंगीं लागूं लागलें आहे.